पिकअपचा नवा बंपर एका बाजूला खाली का येतो, आणि भोकं कापण्याआधी काय मोजायचं

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे. गाडी बोलेरो पिकअप, तासगाव भागात द्राक्षं-बेदाणा भरते. पुढचा मूळ बंपर चेपला म्हणून बाजारातला जाड पत्र्याचा बंपर आणला. बसवल्यावर ड्रायव्हर बाजूला मडगार्डपासून बोटभर फट राहिली, क्लीनर बाजूला तो मडगार्डला जवळजवळ टेकला, आणि त्याच बाजूला इंचभर खालीही दिसतो. फिटर म्हणतो, बोल्टची भोकं कापून बंपर वर उचलून देतो. कापू द्यायचं का?

आत्ता नाही. भोकं कापणं पाच मिनिटांचं काम आहे, ते कधीही करता येईल. आधी वाकडं नक्की काय आहे ते शोधा. बंपर, केबिन आणि चासी, तिघांपैकी एक किंवा दोन वाकडे असणार.

पिकअपमध्ये केबिन चासीवर रबरांवर बसलेली असते आणि बंपर थेट चासीच्या पुढच्या टोकांना बोल्टने आवळलेला असतो. आपण मात्र बंपर बघतो तो बोनेट, हेडलाइट आणि मडगार्डच्या रेषेत, म्हणजे केबिनच्या मापाने. त्यामुळे केबिन एका बाजूला बसली तरी दोष बंपरचा वाटतो. ड्रायव्हर बाजूला माणूस रोज बसतो, क्लीनरची सीट बऱ्याचदा रिकामी असते. जुन्या गाडीत ड्रायव्हर बाजूचं रबर जास्त दबतं, केबिन तिकडे खाली येते आणि क्लीनर बाजूला बंपर उतरल्यासारखा दिसतो. तुमच्या तक्रारीतलं हे इंचभर अंतर यातून येऊ शकतं. पण फटीतला फरक रबरामुळे सहसा इतका पडत नाही. एकाच बाजूला बंपर खालीही आहे आणि मागेही गेलाय, हे मला जास्त खटकतं. मूळ बंपर चेपला तो धक्का त्याच बाजूला बसला असेल, तर चासीचं टोक मागे आणि खाली दबलं असण्याची शक्यता मी सर्वात आधी तपासेन.

तपासायला मशीन लागत नाही. सपाट सिमेंटची फरशी, ओळंबा, खडू, टेप आणि लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) पुरे. कुपवाड एमआयडीसीत किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत एखाद्या शेडमध्ये तासभर जागा मिळाली तर उत्तम. मार्केट यार्डाच्या खडबडीत जमिनीवर हे करू नका. गाडी रिकामी ठेवा, चारही चाकांची हवा नियमाप्रमाणे करा, स्टिअरिंग सरळ ठेवा. नवा बंपर काढा. चासीच्या दोन्ही टोकांना कंपनीची जी जोडभोकं आहेत त्यातून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण करा. तशीच खूण मागे, केबिनच्या खाली, दोन्ही बाजूंना एकसारख्या असलेल्या भोकांखाली करा. मग गाडी ढकलून बाजूला घ्या आणि फरशीवरच्या चार खुणांचे दोन्ही कर्ण मोजा. एका सुताच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) आत जुळले तर चासी आडवी वाकलेली नाही. तीन-चार सुतांचा फरक असेल तर बंपर बाजूला ठेवा, हे चासी ओढायचं काम आहे आणि ते चासीचं काम जाणणाऱ्याकडेच व्हायला हवं. कर्णातून टोक खाली गेलंय का ते कळत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांवर लेव्हल ट्यूब धरा आणि मागेही दोन जागी तशीच धरून ताडून बघा.

टोकाच्या मागच्या वीतभर भागात पत्र्याला सुरकुती, रंगाला तडे किंवा ताज्या गंजाची रेघ दिसते का तेही बघा. धक्का खाल्लेली चासी ही खूण सोडते. गाडी 2019 च्या कृष्णेच्या पुरात उभी राहिली असेल तर आणखी एक तपासणी लागते. सांगली, मिरज, पलूस भागातल्या अशा गाड्यांच्या चासीच्या पोकळीत गाळ बसून राहतो आणि आतून गंज धरतो. हातोडीने हलकं ठोकून आवाज ऐका. बद्द आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक रुतलं, तर जड बंपर त्या जागेवर टांगायचाच नाही.

रबरांचं माप सोपं आहे. चासीच्या वरच्या कडेपासून केबिनच्या तळापर्यंत दोन्ही बाजूंना एकाच जागी मोजा. फरक निघाला तर रबरं जोडीनेच बदला, एकच बदललं तर केबिन उलट्या बाजूला झुकते.

राहिला बंपर. स्थानिक बनावटीच्या बंपरमध्ये वेल्डिंगच्या तापाने ब्रॅकेट, म्हणजे बंपर चासीला जोडणारे तुकडे, ओढले जातात. बंपर फरशीवर पालथा ठेवा, डुगडुगतो का बघा. मग बंपरच्या तोंडापासून दोन्ही ब्रॅकेटच्या भोकांपर्यंतचं अंतर मोजा आणि ब्रॅकेटला गुण्या लावून बघा. इथेच दोन-तीन सुतांचा फरक निघाला तर तो जिथून आणला तिथे परत न्या, बदलून किंवा दुरुस्त करून घ्या. पैसे तुम्ही दिलेत, गाडी कापून त्याची चूक लपवायची गरज नाही.

या तिन्हीत मोठा दोष निघाला नाही तरच बसवायला घ्या. बंपरचं ओझं बोल्टवर टांगून कधीच जुळवाजुळव करू नका. खाली जॅक, त्यावर लाकडी फळी, फळीवर बंपर, आणि दोघं जण. सगळे बोल्ट हाताने फिरतील इतकेच लावा. आधी मध्य साधा: चासीच्या दोन टोकांचा मध्य काढून बंपरच्या मध्याशी जुळवा, बोनेटच्या लोगोवरून नाही. मग उंची, ती चासीपासून मोजून. शेवटी पुढे-मागे. यासाठी ब्रॅकेट आणि चासीच्या मध्ये भोक पाडलेल्या सपाट लोखंडी पट्ट्या घाला. नुसत्या वायसरांची चळत रचली तर ती सरकते आणि बोल्ट वाकतो. चासी सरळ असून केबिन एखादं सूत इकडेतिकडे असेल, तर तेवढा फरक दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा वाटून घ्या, नजरेला कळतही नाही.

मडगार्डपासून फट किमान तीन-चार सूत, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर ठेवाच. कमी फट शोभून दिसते, पण बागेच्या वाटेवर केबिन एका अंगाला झुलते, बंपर झुलत नाही, आणि मडगार्डचा रंग खरवडून निघतो. एक पुढचं चाक जाड फळीवर चढवून फट बघा, मग दुसरं. दोन्ही वेळा मोकळी राहिली पाहिजे.

भोक वाढवायची वेळ आलीच तर ते बंपरच्या ब्रॅकेटमध्ये वाढवा, चासीत कधीच नाही. गॅस कटर नको, कानसीने किंवा ड्रिलने लंबगोल करा. भोकाच्या कडेपासून ब्रॅकेटच्या कडेपर्यंत बोल्टच्या जाडीइतकं तरी लोखंड उरलं पाहिजे, आणि वर जाड चौकोनी वायसर घाला. उघड्या पडलेल्या कडांना लगेच झिंक प्रायमर मारा. चासीवर वेल्डिंगचा टॅकही मारू देऊ नका. बंपरवर वेल्डिंग करायचंच असेल तर तो गाडीवरून उतरवून करा. बीएस 6 गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला वेल्डिंगचा करंट परवडत नाही.

बोल्ट डोक्यावर 8.8 कोरलेलेच घ्या. कंपनीच्या पुस्तकात आवळण्याचं माप असेल तर तेच पाळा. नसेल तर या ग्रेडच्या 12 मिलिमीटर बोल्टला साधारण 80 न्यूटन मीटर, 10 मिलिमीटरला 45 च्या आसपास. आलटून पालटून थोडं थोडं आवळा आणि प्रत्येक फेरीनंतर टेप लावा, कारण आवळताना बंपरचं तोंड खाली वळतं. आठवडाभर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावा.

जड बंपरने गाडीचं नाक थोडं दबतं, म्हणून हेडलाइट पुन्हा लावून घ्या. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. रात्री खंबाटकी किंवा पसरणी घाटात समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारणं धोक्याचं आहे. रेडिएटरसमोरची जाळी आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, तेही बघा.

तुमच्या फोटोत बंपरच्या वर पाइपची चौकट दिसते. ती मात्र काढून टाका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार देऊन. पण दंडापेक्षा मला काळजी वेगळी वाटते. पाइपला धडकलेला माणूस वाचणं अवघड होतं, आणि पुढून बसलेला धक्का पत्र्यात न जिरता थेट चासीत जातो. तुमच्या चासीने आधीच एक धक्का खाल्लेला आहे.

उद्या गाडी मोकळी असेल तर फिटरला सांगून बंपर उतरवा. दोन्ही कर्णांची मापं, लेव्हल ट्यूबची मापं, केबिनखालची दोन मापं आणि क्लीनर बाजूच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो पाठवा. त्यावरून ब्रॅकेट कापायचा, पट्टी घालायची की चासी ओढायला न्यायची, ते ठरवू.