‘शेवंती’, ‘मार्गरीट’ की ‘झुडपी डेझी’?

अर्जिरँथेमम फ्रुटेसेन्स या फुलझाडाला मराठीत ‘शेवंती’ म्हणावे की त्यासाठी ‘झुडपी डेझी’ असा शब्द योजावा, आणि मुळात हे झाड ओळखावे कसे, असा प्रश्न विचारण्यात आला आहे. माझे मत ‘झुडपी डेझी’च्या बाजूने आहे.

‘शेवंती’ म्हणण्यामागे एक जुने कारण आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये या झाडाला क्रिसँथेमम फ्रुटेसेन्स हे नाव दिले आणि पुढे दीर्घकाळ बागकामाच्या पुस्तकांत ते शेवंतीच्याच प्रजातीत वावरत राहिले. आज मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ अर्जिरँथेमम ही स्वतंत्र प्रजाती मानतात. तिच्यातील सुमारे दोन डझन जाती केवळ स्पेनच्या कॅनरी बेटांवर आणि पोर्तुगालच्या मदीरा व सेल्व्हाजेन्स या द्वीपसमूहांवर मूळच्या आहेत, तर आपण जिला शेवंती म्हणतो ती पूर्व आशियातून आलेल्या निराळ्या वंशाची आहे. या झाडाला लावला जाणारा ‘मार्गरीट’ हा दुसरा शब्द मोत्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून फ्रेंचमार्गे आलेला आणि ऐकायला गोड असला, तरी तो युरोपातील कुरणांवरच्या ल्युकँथेमम या डेझीलाही लावतात, त्यामुळे नेमकेपणा हवा तेथे तो उपयोगाचा नाही.

‘झुडपी’ हे विशेषण मात्र शास्त्रीय नावातच दडलेले आहे. लॅटिन ‘फ्रुटेक्स’ म्हणजे झुडूप, आणि ‘फ्रुटेसेन्स’ म्हणजे झुडूप होत जाणारे. रोप कोवळे असताना हिरवे व मऊ असते आणि वाढता वाढता बुडापासून लाकडी होते, हे त्या ‘होत जाणारे’मध्ये अचूक आले आहे. लेखनात ‘झुडुपी’ असे रूप आढळते, पण ‘लाकूड’चे ‘लाकडी’ होते त्याप्रमाणे ‘झुडूप’चे ‘झुडपी’च व्हावे.

ओळखीकडे वळल्यास, आपण ज्याला एक फूल समजतो तो खरे तर अनेक पुष्पकांचा, म्हणजे इवल्या फुलांचा, गुच्छ असतो. मध्यभागी पिवळी बिंबपुष्पके आणि कडेला बहुधा पांढरी किरणपुष्पके. एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण हे वर्णन कितीतरी डेझींना लागू पडते. पाने आणि खोड पाहावे. झुडपी डेझीची पाने खोलवर चिरलेली, पुष्कळदा निळसर राखाडी छटेची असतात. ल्युकँथेममची पाने न चिरलेली, पण दातेरी कडांची असतात, बुडाशी त्यांचा झुबका असतो आणि त्याचे खोड लाकडी होत नाही. खरी गल्लत होते ती झुडपी डेझीच्या पिवळ्या फुलांच्या संकरित वाणांची आणि दक्षिण आफ्रिकेच्या युरिऑप्स या डेझीसारख्या झाडाची, कारण तेही झुडूप असून त्याच्याही काही जातींची पाने चिरलेली असतात. अशा वेळी फूल उलटे करून पाहावे. युरिऑप्समध्ये खालची हिरवी छदे, म्हणजे फुलाला वेढणारी पानांसारखी दले, एकाच ओळीत, तळाशी जुळलेली दिसतात. झुडपी डेझीत ती कौलांप्रमाणे एकावर एक रचलेली, पातळ पापुद्र्यासारख्या कडांची असतात.

लागवड करताना निचऱ्याची माती आणि भरपूर ऊन एवढे सांभाळले, तर फारसे लाड करावे लागत नाहीत. कडाक्याच्या थंडीपासून, विशेषतः हिमतुषारापासून, मात्र ते वाचवावे लागते. रोप लहान असताना शेंडे खुडल्यास ते दाट होते. जुने, पाने झडलेले लाकूड खोलवर छाटू नये, कारण त्यातून नवे धुमारे क्वचितच फुटतात. म्हणून झाड बुडाशी उघडे पडू लागण्यापूर्वीच कोवळ्या फांद्यांची छाटकलमे करून नवी रोपे तयार ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग. कलमासाठी फांदी घेताना खोडाच्या बुडाशी गाठी आहेत का, हे आवर्जून पाहावे. वनस्पतींवरील अशा गाठी जिवाणूमुळे होतात हे स्मिथ आणि टाऊनसेंड या अमेरिकी संशोधकांनी १९०७ मध्ये दाखवले, ते याच झाडावरील गाठींचा अभ्यास करून; त्या काळी त्याला ‘पॅरिस डेझी’ म्हणत. गाठाळलेल्या झाडाचे कलम करू नये आणि त्याला वापरलेली कात्री निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये.

राहिला अनेकवचनाचा मुद्दा. ‘डेझ्या’ हे रूप व्याकरणाला धरून असले तरी कानाला खटकते. त्याऐवजी ‘डेझीची झुडपे’ किंवा ‘डेझीची फुले’ असे लिहावे.