पेडल उचलण्याआधी

बाळा, अनेक आशीर्वाद.

‘फ्यूर अलीना’ ही पियानोरचना चार दिवसांत बसली असं कळवलंस. बोटांत बसली, कबूल. मोजून पंधरा बार, म्हणजे खंड, तालाचा हिशेब नाही. पण रेकॉर्डिंग दीड मिनिटात संपलं, तिथेच तुझी चोरी पकडली. सूर वाजवतेस आणि तो विरायच्या आत पुढच्याकडे पळतेस.

संगीतकार आर्वो पेर्त यांनी हे 1976 साली एस्टोनियात लिहिलं. त्याआधीची कित्येक वर्षं ते जवळजवळ गप्पच होते, चर्चमधलं जुनं ग्रेगोरियन गायन अभ्यासत होते. त्यातून हे निघालं. उजवा हात बी मायनरच्या सुरांत फिरतो, डावा त्याच्या प्रत्येक सुराला बी, डी, एफ शार्प या तिघांपैकीच एक सूर देतो. बस, एवढंच. अलीना ही मुलगी इंग्लंडला गेलेली, तिची आई सोव्हिएत एस्टोनियात मागे राहिलेली. त्या आईला धीर म्हणून ही रचना. हे माहीत नसलं तरी चालेल म्हणा, पण मला ते विसरून वाजवता येत नाही.

आता एक कर. खालच्या बीच्या वरचा बी आणि त्यावरचा एफ शार्प या पट्ट्या आवाज न करता दाबून धर. मग खालचा बी चटकन वाजवून सोड. न वाजवलेल्या तारा गुणगुणायला लागतील. तू तंबोऱ्यापाशी बसलेली आहेस, तेव्हा बीला सा धरून पंचम लगेच ओळखशील. जरा थांबलीस तर शुद्ध गंधारही डोकावेल. आणि गंमत अशी, की डावा हात कोमल गंधार वाजवतो! पेडल दाबून तारा मोकळ्या ठेवल्या, की त्याखाली त्या दोघांची कुजबुज चालू असते. ती ऐकू येईपर्यंत पुढचा सूर लावायचा नाही.

तुझ्या वयाचा असताना मी हे एका घरगुती बैठकीत वाजवलं होतं. वर पंखा घरघरत होता. शांतता मला सोसेना, म्हणून मधल्या बारमध्ये घाई केली आणि ती झाकायला भावनेचा लाडिक मुलामा चढवला. गुरुजी काही बोलले नाहीत. उठून पंखा बंद केला आणि म्हणाले, “पहिल्यापासून.”

स्वरलिपीत एके ठिकाणी पेर्तनी फूल काढलंय. डावा हात तिथे एकदाच नियम मोडून सी शार्पवर जातो, पेडलही त्याच सुमारास सुटतं. तिथे तू जोर देतेस. देऊ नकोस. पाय मात्र हळू उचल; तुझ्या पियानोचं पेडल करकरतं, रेकॉर्डिंगमध्ये तेच सगळ्यात मोठ्यानं ऐकू आलं. ट्यूनरला बोलाव.

रविवारी सकाळी ये, दुपारी खाली भंगारवाला ओरडतो.