वाचक विचारतात: रेशो ०.९९८ आला, मग पाणी पॅनेलच्या वर कसं?

प्रश्न: सर, मी नाशिकला एम.ई. करतोय. गोदावरीच्या पुरात वापरता येईल अशा रेस्क्यू बोटीच्या तळाचं पॅनेल, ४० किलोचं, २ मीटरवरून पाण्यावर आपटतं असं मॉडेल एलएस-डायना या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये केलंय, पाणी आणि १ घनमीटर हवा एएलईत (मेशमधून, म्हणजे छोट्या एलिमेंटच्या जाळीतून, पाणी-हवा वाहू देणारी पद्धत), पॅनेल शेलचं (पातळ पत्र्यासारख्या एलिमेंटचं). एनर्जी रेशो (एनर्जीचा हिशोब जुळतो का ते सांगणारा आकडा, आदर्श १) शेवटपर्यंत ०.९९८ च्या खाली गेला नाही, गाइड म्हणतात मस्त आहे, लिहून टाक. पण पॅनेलच्या वरच्या बाजूला पाणी दिसतंय. रिझल्ट धरू का?

उत्तर: आत्ता धरू नका. आधी हाताने हिशोब करा. ४० गुणिले ९.८१ गुणिले २, म्हणजे साधारण ७८५ ज्यूल, तुमच्या आपटण्यात एवढीच एनर्जी आहे. आता हवेकडे बघा, वातावरणाच्या दाबाला १ घनमीटर हवेची इंटर्नल एनर्जी दाब भागिले ०.४, म्हणजे जवळपास अडीच लाख ज्यूल, आणि ही रक्कम पहिल्या स्टेपपासूनच टोटलमध्ये बसलेली असते. रेशो काढताना आत्ताची टोटल एनर्जी भागिले सुरुवातीची टोटल अधिक बाहेरून झालेलं काम असं करतात, मग ०.००२ ची तूट म्हणजे जवळजवळ ५०० ज्यूल झाले की! ७८५ मधले ५०० कुठे गेले ते त्या एका आकड्यावरून कळणारच नाही. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं त्यावरून पूर केवढा ते कळतं, पण गंगापूर धरणातून किती सुटलं आणि शहरातल्या नाल्यांतून किती आलं ते कळतं का, तसंच आहे हे.

म्हणून पार्टवाइज एनर्जी काढा. हवेची सुरुवातीची रक्कम वजा करून नुसता बदल प्लॉट करा, पॅनेलची कायनेटिक जेवढी कमी झाली तेवढी पाण्याच्या कायनेटिकमध्ये, पॅनेलच्या वाकण्यात आणि थोडी हवेत दिसायला हवी. तंतोतंत जुळणार नाही, कारण एएलईत अॅडव्हेक्शनच्या वेळी (पाणी-हवा एका एलिमेंटमधून दुसऱ्यात सरकवताना) मोमेंटम राखला जातो पण कायनेटिक एनर्जी थोडी गळते, ती पद्धतीचीच गळती आहे, पाण्याची मेश बारीक केली की कमी होते. शिवाय अवरग्लास एनर्जी (एलिमेंटचे खोटे, वेडेवाकडे आकार रोखण्यात खर्च होणारी) मोजायचा पर्याय डिफॉल्टला बंद असतो, तो चालू करा, नाहीतर तीही तूट म्हणूनच दिसते. पॅनेलची अवरग्लास त्याच पॅनेलच्या इंटर्नलच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, टोटलच्या नव्हे. पाण्याला आणि हवेला मात्र अवरग्लासचा कोइफिशंट अगदी नगण्य द्या, ०.१ ठेवलात तर पाणी उगाच घट्ट वागतं.

आता वर आलेलं पाणी. ही कपलिंगची, म्हणजे पॅनेल आणि पाणी यांच्या जोडणीची, गळती आहे आणि माझ्या मते तुमचा खरा प्रॉब्लेम हाच. पॅनेलचे एलिमेंट पाण्याच्या एलिमेंटपेक्षा मोठे असतील तर मधल्या जागेतून पाणी निसटतं, तेव्हा मेश सारखी करा किंवा कपलिंग पॉइंट वाढवा, आणि शेलचे नॉर्मल (पृष्ठभागाला काटकोनातली दिशा) पाण्याकडे आहेत ना ते बघा. मग कपलिंग फोर्सचं वेळेवर इंटिग्रेशन करा, पॅनेल ६.२६ मीटर प्रतिसेकंदाने येतंय म्हणजे मोमेंटम २५० न्यूटन-सेकंद, त्यातला जेवढा कमी झाला तेवढाच इम्पल्स (गुरुत्वाकर्षणाचा भाग धरून) यायला पाहिजे. हे जुळलं तर गाइडना तो प्लॉट दाखवा, आणि रेशोचा आकडा थिसिसमध्ये टाकायचाच असेल तर ७८५ च्या तुलनेत किती तूट ते शेजारी लिहा.

प्रश्न: पाण्याची खोली १ मीटर घेतली तर पुरेल का?

उत्तर: पाण्यात ध्वनीचा वेग साधारण १४८० मीटर प्रतिसेकंद, तळाला आपटून लाट परत यायला १.३५ मिलिसेकंद लागतात. तुमचा प्रेशर पीक त्याआधी येऊन गेला तर पुरेल, त्यानंतरचा कर्व्ह हवा असेल तर खोली वाढवा नाहीतर तळाला नॉन-रिफ्लेक्टिंग बाउंडरी लावा. बाउंडरी लावलीत की त्यातून लाटेबरोबर एनर्जी बाहेर जाते, ती हिशोबात वेगळी धरा.