पार्षद यांचा, महापौर त्यांचा, मग नाली कोणाची?

वाचक विचारतात : ग्वाल्हेर

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या नालीचं काम दीड वर्ष अडलंय. पार्षद (नगरसेवक) म्हणतात महापौर अडवतात, महापौरांकडची माणसं म्हणतात परिषद (सगळ्या पार्षदांची सभा) अडवते, आमदारांच्या कार्यालयात ‘हा विषय निगमाचा (महापालिकेचा)’ म्हणून बोळवण होते. खरं कोण बोलतंय?
(एक वाचक, लष्कर भाग)

उत्तर : तिघंही थोडं थोडं खरं बोलताहेत, म्हणून तर तुमच्या चपला झिजताहेत. मध्य प्रदेशात महापौर थेट मतदार निवडतात आणि पार्षदही मतदारच निवडतात, पण वेगळ्या मतानं. एकाच निवडणुकीतून दोन उलटे कौल निघू शकतात. ग्वाल्हेरात 2022 साली तेच झालं. महापौरपदी काँग्रेसच्या शोभा सिकरवार आल्या, पक्षाला हे पद तब्बल 57 वर्षांनी मिळालं. 66 वार्डांच्या परिषदेत मात्र वरचष्मा भाजपचा आणि सभापतीही भाजपचे. बडोद्याच्या नातेवाइकांना हा पेच समजावून सांगावा लागतो. तिकडे नगरसेवकच आपल्यातून अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात, त्यामुळे ज्याचं बहुमत त्याचा महापौर.

आपल्याकडे महापौर आपल्या पसंतीचे पार्षद घेऊन मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे एमआयसी, बनवतात. अंदाजपत्रक तिथून पुढे सरकतं, पण त्यावर शिक्का परिषदेचा लागतो. परिषदेची बैठक चालवणं आणि गोंधळ झाला की तहकूब करणं सभापतींच्या हाती. आणि आयुक्त हे राज्य शासनाचे अधिकारी, ते यांपैकी कोणाचेच नाहीत. कुलूप एक, किल्ल्या चार.

आता तुमच्या नालीचा प्रवास पाहा. उपयंत्री, म्हणजे निगमाचा कनिष्ठ अभियंता, जागेवर येऊन माप घेतो आणि प्राक्कलन, म्हणजे खर्चाचा अंदाज, बनवतो. ते सहायक यंत्री, कार्यपालन यंत्री असं वर चढतं, तांत्रिक स्वीकृती मिळते. मग प्रशासकीय स्वीकृती. रक्कम लहान असेल तर आयुक्तांच्या पातळीवर, मोठी असेल तर एमआयसी किंवा परिषदेकडे. त्यानंतर निविदा, कार्यादेश, काम, मापपुस्तिका आणि शेवटी ठेकेदाराचं बिल. राजकारण यात दोनच जागी शिरतं : स्वीकृतीच्या टेबलावर आणि भूमिपूजनाच्या दिवशी. बाकीच्या अडचणी बहुतेक वेळा साध्या असतात. जुन्या दरसूचीवरचं प्राक्कलन परत येतं, निविदेला एकही ठेकेदार येत नाही, किंवा मागची बिलं थकल्यामुळे ठेकेदार काम सोडून बसतो. पण ‘विरोधकांनी अडवलं’ हे उत्तर सगळ्यांनाच सोयीचं, कारण त्यात कोणाचाच दोष निघत नाही.

म्हणून ‘काम कधी होणार’ असं विचारू नका. फाइल क्रमांक विचारा आणि ती आज कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. सांगितलं नाही तर माहितीचा अधिकार : 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर, न आल्यास त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. अर्जात फक्त तीन गोष्टी मागा : प्राक्कलनाची प्रत, स्वीकृतीची तारीख आणि फाइलवरच्या टिपणांची प्रत. ‘काम का झालं नाही’ हा प्रश्न लिहिलात तर ‘कारण सांगणं माहितीत बसत नाही’ असं उत्तर येऊन तुमचा महिना वाया जातो.

सोबत सीएम हेल्पलाइन 181 वर तक्रार नोंदवा. एका तक्रारीत एकच जागा, खांबाचा किंवा घराचा क्रमांक देऊन. तक्रार एल-1 पासून एल-4 पर्यंत, म्हणजे खालच्या अधिकाऱ्यापासून वरच्यापर्यंत, चढते. ‘निराकरण झालं’ असा फोन आला आणि काम झालेलं नसेल, तर ‘समाधानी नाही’ असंच सांगा. संकोचानं ‘ठीक आहे’ म्हटलंत की तक्रार बंद. तक्रारीत पक्षाचं नाव चुकूनही घेऊ नका. पक्षाचं नाव आलं की अधिकारी तिला राजकीय समजून बाजूला सारतो.

पार्षदांच्या मौलिक निधीतून (वार्डातल्या कामांसाठी त्यांच्या वाट्याला येणाऱ्या रकमेतून) होण्याजोगं काम असेल तर तो मार्ग सगळ्यांत कमी भांडणाचा. तिथे हिस्सा आधीच ठरलेला, त्यामुळे दर कामासाठी कोणाला कोणाची मनधरणी करावी लागत नाही. सहकार्य अडतं ते जिथे प्रत्येक वेळी नव्यानं घासाघीस करावी लागते तिथे.

प्रश्न : पार्षदानं पक्षाचा आदेश मोडून दुसऱ्या बाजूला मत दिलं तर त्याचं पद जातं का?
(मुरार)

उत्तर : राज्यघटनेचं पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट 1985 साली आलं, पण ते संसद आणि विधिमंडळांपुरतंच आहे. नगरपालिका-महापालिकांसाठी महाराष्ट्र आणि गुजरातनं 1986 साली आपापले वेगळे कायदे केले. इथल्या पार्षदाला ते लागू नाहीत. म्हणून सभापतीची निवडणूक आली की आपल्याकडे पार्षदांना बसमध्ये घालून दूरच्या हॉटेलात नेतात. त्याला बाडेबंदी म्हणतात, आपल्या महाराज बाड्याशी (शहरातल्या चौकाशी) तिचा काही संबंध नाही!

परिणाम असा की पक्षांचा पहारा विरोधकांपेक्षा आपल्याच माणसांवर जास्त असतो. शेजारच्या वार्डातल्या विरोधी पार्षदाबरोबर चहा घेणारा माणूस संशयित ठरतो. एकत्र काम करण्याची खरी किंमत ही, आणि ती विरोधक नव्हे, स्वतःचा पक्ष वसूल करतो.

प्रश्न : टीव्हीवर संसदेचा आरडाओरडा पाहून वाटतं, हे लोक एकत्र काही करतच नसतील. खरंच तसं आहे का?
(निवृत्त शिक्षिका, लष्कर)

उत्तर : कॅमेरा जिथे असतो तिथलं तुम्ही पाहता. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीत 22 सदस्य असतात, 15 लोकसभेचे आणि 7 राज्यसभेचे. मंत्र्याला तिथे जागा नाही, आणि 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याचा प्रघात आहे. विभागवार स्थायी समित्यांत 31 जण, 21 आणि 10 असे. या बैठका बंद दाराआड होतात, व्हीप (पक्षादेश) चालत नाही, अहवाल बहुधा एकमतानं जातो. प्रेक्षक नसले की माघार घेणं स्वस्त पडतं. हेच सदस्य तासाभरानं सभागृहात जाऊन एकमेकांवर तुटून पडतात, आणि त्यात ढोंग काही नाही. सभागृहात ते मतदारांशी बोलत असतात, समितीत कागदाशी.

दुसरा प्रकार गणिताचा. जीएसटीचे दर ठरवणाऱ्या, केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. निर्णयाला तीन चतुर्थांश वजन लागतं. विधानसभा असलेली राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून 31. सगळ्यांनी मतदान केलं तर केंद्राला किमान 20 जण सोबत घ्यावे लागतात, आणि 12 जण अडून बसले तर ठराव पडतो. उलट केंद्र अडलं तर बाकी सगळे एक होऊनही काही होत नाही. कोणालाच एकट्यानं पुढे जाता येत नाही, म्हणून बोलणी चालू राहतात. पहिल्या 37 बैठका मतदानाशिवाय पार पडल्या. पहिलं मतदान डिसेंबर 2019 मध्ये 38व्या बैठकीत झालं, तेही लॉटरीवरच्या कराच्या दरावर.

आणि माणसाचाही भाग असतोच. 1994 साली जिनिव्हात मानवाधिकार आयोगापुढे काश्मीरचा प्रश्न आला, तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव यांनी भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेत्याकडे दिलं. ते विरोधी पक्षनेते म्हणजे आपल्याच गावचे अटलबिहारी वाजपेयी. पण तिथे वाद भारत विरुद्ध बाहेरचे असा होता. तशी रेघ नालीच्या कामात ओढता येत नाही.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळात दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते आहेत. व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज भांडणं, आता वर्गणीही थांबली. काय करावं?
(मंडळाचे सचिव, नाव न छापण्याच्या अटीवर)

उत्तर : आधी गट दोन करा. एक सूचनांचा, ज्यात फक्त ॲडमिन लिहील. दुसरा गप्पांचा, ज्यात भांडायचं ते भांडा. एकच गट ठेवून ‘राजकारण नको’ असा नियम केलात तर राजकारण म्हणजे काय यावरच आठवडा जातो.

पाहुण्यांचा नियम लेखी करा, आणि तो निवडणूक नसताना करा. दोनच पर्याय टिकतात : एकही पदाधिकारी बोलवायचा नाही, किंवा पदानुसार सगळे बोलवायचे (वार्डाचे पार्षद, महापौर, आमदार, खासदार, पक्ष कोणताही असो), भाषण प्रत्येकी तीन मिनिटं. ‘दोन्ही बाजूंचे समान’ हा तिसरा पर्याय ऐकायला गोड. पण मग माळ आधी कोणाला, फोटोत मधे कोण, यावर फाटतं. फलकावर फक्त मंडळाचं नाव.

पैशाच्या बाबतीत तटस्थ माणूस शोधत बसू नका, दोन्हीकडून शिव्या खाऊन तो वर्षभरात राजीनामा देतो. खातं दोन सह्यांचं ठेवा, एक सही एका बाजूची, दुसरी दुसऱ्या. यात एक धोका आहे. एक जण रुसला की मांडववाल्याचं बिलही अडतं. म्हणून पाचेक हजारांची किरकोळ रोकड कोषाध्यक्षाकडे वेगळी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी तिचा हिशेब लावा. मोठ्या खर्चावर हात वर करून मत घेऊ नका, चिठ्ठ्या टाका. हात वर केला की माणूस आपल्या गटाकडे पाहून करतो. बैठकीचं इतिवृत्त उठण्याआधी वाचून सगळ्यांच्या सह्या घ्या. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या इतिवृत्तावर कोणाचाच विश्वास बसत नाही.

प्रश्न : दोन्ही पक्षांच्या नेत्यांना एका मंचावर बोलावून वार्डाची सभा घ्यावी का?
(हजीरा)

उत्तर : माईक असेल तर नको. त्याऐवजी उपयंत्र्याला सोबत घेऊन सकाळी पाहणी ठेवा, दोन्हीकडचा एकेक माणूस, शिवाय पाच-सहा रहिवासी, फलक-हारतुरे काही नाही. जागेवरच कामांची क्रमवारी कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्यांनिशी झोन कार्यालयात देऊन पोच घ्या. आणि कोनशिलेचा मजकूर काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवून घ्या. तयार झालेली नाली नावांच्या क्रमावरून उद्घाटनाविना पडून राहते, आणि तोवर तिच्यात कचरा भरतो.