संच घेण्याआधी आतलं पान उघडून बघा: मानसशास्त्राच्या पुस्तकांबद्दल

चोपड्याच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून जरा लांब लिहितोय. तुम्ही बहिःस्थ विद्यार्थी म्हणून टी.वाय.ला मानसशास्त्र स्पेशल घेतलंय, केंद्राच्या काउंटरवरून पुस्तकांचा संच घ्यायला सांगतायत, तो घ्यावा का असं विचारलंय. शिवाय नवीन काय वाचावं, इंग्रजी जड जातं, आणि वाचनाची आवड असलेल्या वडिलांसाठी मराठीत काय आहे, हेही. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. धुळे जिल्ह्यात शाळांमधून समुपदेशनाचं काम करतो. अभ्यासक्रम विद्यापीठाचा पाहूनच ठरवा. माझं मत हे माझं मत आहे. फॉर्म, फी वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडून देतो.

संचाचं आधी बोलतो, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं. माझ्या वेळी अशाच एका केंद्रावर (नाव लिहीत नाही) पैसे भरले की पुस्तकांचा गठ्ठा हातात द्यायचे. कव्हरवर लाल अक्षरात ‘नवीन सुधारित आवृत्ती’. त्यातल्या अपसामान्य मानसशास्त्राच्या पुस्तकात पाच अक्षांची निदानपद्धत (म्हणजे रुग्णाची माहिती पाच वेगवेगळ्या सदरांत लिहायची पद्धत) अख्खं प्रकरणभर समजावलेली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेने ती पद्धत 2013 च्या पाचव्या आवृत्तीतच काढून टाकली होती. संच मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं तोच विकला जात होता. ‘याहून नवीन काही आहे का’ असं काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, ‘परीक्षेत यादीतलंच येतं. पुढचे या.’ लेखी अर्ज दिला. त्यावर आवक क्रमांक पडला, शिक्का बसला, आणि अर्ज तिथेच राहिला.

परीक्षा त्याच पुस्तकांवर चांगल्या मार्कांनी पास झालो. मग समुपदेशनाच्या पुढच्या कोर्सची मुलाखत. निदान कसं लिहाल, असं विचारलं. मी पाचही अक्ष घडाघडा सांगितले. मॅडम म्हणाल्या, ‘हे आता नाहीये.’ पुढचा प्रश्न ऑटिझमचा. मी एस्पर्जर वेगळा विकार म्हणून सांगितला. तोही 2013 मध्येच ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये धरला गेलाय. प्रवेश गेला, वर्ष गेलं, आणि घरच्यांनी कापसाच्या पैशातून बाजूला काढलेली रक्कम दुसरीकडे खर्च झाली. ज्या कार्यालयाने पैसे घेऊन ती पुस्तकं हातात दिली, तिथल्या एकालाही आतलं पान उघडून बघावंसं वाटलं नाही, याचा राग मला आजही येतो. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या पोराला दुसरं दुकान माहीत नसतं. तो केंद्राच्या भरवशावरच असतो ना?

म्हणून संच हातात घेतला की पैसे देण्याआधी मुखपृष्ठामागचं, बारीक अक्षरातलं पान बघा. तिथे ‘प्रथमावृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ अशी सालं असतात. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर परत छापलेला. ते कितीही ताजं असलं तरी आतलं ज्ञान प्रथमावृत्तीच्याच सालाचं असतं. मग विकारांचं प्रकरण उघडा. ‘पाच अक्ष’ चालू पद्धत म्हणून दिले असतील तर पुस्तक ठेवून द्या. 2022 च्या डीएसएम सुधारणेत लांबलेल्या शोकाचा विकार नव्याने आलाय, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्तीही त्याच वर्षी जानेवारीत लागू झाली. यातलं काही सापडलं तर पुस्तक खरंच सुधारलेलं. शेवटी कायदा बघा. 1987 चा मानसिक आरोग्य कायदा चालू म्हणून दिला असेल तर ते जुनं. आता 2017 चा कायदा आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं तो गृहीत धरतो. समुपदेशन करायचं असेल तर हा फरक पाठच पाहिजे.

संच सक्तीचा असेल तर घ्या, परीक्षेपुरता वाचा, पण त्याच्यावरच थांबू नका. इंग्रजी जड जातं म्हणता, तर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं हिंदीत आहेत आणि फुकट डाउनलोड होतात. आपल्याकडच्या पोरांना हिंदी सहज वाचता येतं. शाळेची पुस्तकं म्हणून नाक मुरडू नका, पाया पक्का होतो. त्यानंतर ओपनस्टॅक्स या फुकट पाठ्यपुस्तकं देणाऱ्या संस्थेचं ‘सायकॉलॉजी’, दुसरी आवृत्ती, 2020 ची. तेही फुकट, आणि इंग्रजी सोपं. विकत घ्यायचंच असेल तर बॅरन आणि गिरीश्वर मिश्र यांचं भारतीय आवृत्तीतलं पुस्तक चांगलं. उदाहरणं आपल्याकडची आहेत.

आता नवीन पुस्तकांबद्दल. इथे माझं मत जरा कडक आहे. मानसशास्त्रात 2015 साली एक मोठा हिशेब झाला: ब्रायन नोसेक हे मानसशास्त्रज्ञ आणि शेकडो संशोधकांनी आधी छापून आलेले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या जवळपास सगळ्याच अभ्यासांत ठळक निष्कर्ष होता, पुन्हा केल्यावर तो 36 टक्क्यांतच टिकला. त्यानंतर लिहिलेल्या पुस्तकाला ही गोष्ट माहीतच नसेल, तर ते कितीही खपो, मी विद्यार्थ्याला सांगणार नाही. म्हणून नव्या पुस्तकांत पहिलं स्टुअर्ट रिची यांचं ‘सायन्स फिक्शन्स’, 2020. संशोधन कुठे आणि कसं घसरतं, ते यात उलगडून सांगितलंय. हे वाचल्यावर बाकीची पुस्तकं वाचायची नजरच बदलते.

डॅनियल कानमन यांचं ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ सगळेच सुचवतात. मीही सुचवेन, पण त्यातलं चौथं प्रकरण जपून वाचा. एखादा शब्द दाखवला की माणसाचं वागणं नकळत बदलतं, अशा प्रयोगांवर ते बरंच उभं आहे, आणि त्यातले कित्येक पुढे टिकले नाहीत. कमी नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण जास्त भरवसा ठेवला, असं कानमन यांनी 2017 साली स्वतः जाहीर मान्य केलं. नोबेल मिळालेला माणूस हे म्हणतो, यासाठी माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. मेंदूबद्दल छोटं आणि चांगलं हवं असेल तर लिसा फेल्डमन बॅरेट यांचं ‘सेव्हन अँड अ हाफ लेसन्स अबाउट द ब्रेन’ घ्या. पुस्तक लहान आहे, इंग्रजीची सवय लावायला उत्तम.

जोनाथन हाइट यांचं ‘द अँक्शस जनरेशन’, 2024, मोबाइल आणि मुलांवर. शिक्षकांच्या ग्रुपवर सध्या याचीच चर्चा असते. वाचा, पण मोबाइल हेच मुख्य कारण, हा त्यांचा दावा सगळ्या संशोधकांना मान्य नाही. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही, असा आक्षेप ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या परीक्षणातही घेतला गेला. दोन्ही बाजू वाचून वर्गात वाद घाला, प्रॅक्टिकलच्या व्हायव्हाला त्याचा फायदा होईल.

मराठीत अच्युत गोडबोले यांचं ‘मनात’ जाडजूड आहे, पण मानसशास्त्राचा इतिहास गोष्टीसारखा सांगतं. त्यांनी नीलांबरी जोशींबरोबर लिहिलेलं ‘मनकल्लोळ’ विकारांवर आहे. स्पेशलच्या अभ्यासाला पूरक म्हणून चांगलं, पाठ्यपुस्तक म्हणून धरू नका. वडिलांसाठी डॉ. आनंद नाडकर्णींची पुस्तकं आणा, ‘विषादयोग’पासून सुरुवात करा. व्हिक्टर फ्रँकल यांच्या छळछावणीतल्या अनुभवांचं ‘अर्थाच्या शोधात’ हे विजया बापट यांचं भाषांतरही. आमच्याकडे शेतात राबणाऱ्या, फारसं न बोलणाऱ्या काकांनी ते दोनदा वाचलं.

एक विनंती मात्र. ‘सध्या त्यांना झोप नीट लागत नाही, गप्प असतात’ असं तुम्ही पोस्टमध्ये वडिलांबद्दल ओझरतं लिहिलंय. माझा गैरसमज असेल तर सोडून द्या. पण हे काही आठवड्यांपासून चालू असेल तर पुस्तकाच्या आधी डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. त्यांच्या वतीने तुम्ही फोन केलात तरी चालतं.

खरेदीचं सांगून थांबतो. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त नकली प्रती घेऊ नका, आकृत्या पुसट असतात आणि मधली पानं गायब. जळगावला येणं-जाणं असेल तर व. वा. जिल्हा वाचनालयात आधी चौकशी करा. आणि संच घेतलातच तर पावती मागा, पावतीवर प्रत्येक पुस्तकाच्या आवृत्तीचं साल लिहून द्यायला लावा. ते टाळाटाळ करू लागले तर तिथेच अडून बसा, घाबरू नका. त्या बारीक अक्षरातल्या पानाचा फोटो इथे टाकलात तर मी बघून सांगतो.