एकाच बाजूचा इंडिकेटर घाई का करतो?

प्रश्न : माझी जुनी पिकअप आहे, मोंढ्यात माल नेतो. उजवा इंडिकेटर नीट चालतो, डावा लई घाईनं टिकटिक करतो. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटतो. मिस्त्री म्हणतो फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा डबा, बदला. बदलू का? – एक वाचक, जिंतूर

उत्तर : थांबा भाऊ, पैसे घालवू नका. फ्लॅशर दोन्ही बाजूंना एकच असतो. उजवी नीट चालते म्हणजे तो ठणठणीत आहे. नुसती टिकटिक वाढली असती तर बल्ब गेला म्हटलं असतं. पण ब्रेकचं ऐकून मला अर्थिंगचाच, म्हणजे बल्बातून करंट परत नेणाऱ्या जोडणीचाच, संशय येतो. ब्रेकच्या करंटला परतीची वाट मिळेना, म्हणून तो इंडिकेटरच्या बल्बात घुसतो. सुट्या वायरचं एक टोक मागच्या होल्डरच्या पत्र्याला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लावून बघा. सुधारला? मग रोग सापडला. अर्थची वायर चेसिसला आवळलेली असते, तिथं आपल्याकडची काळी माती बसून गंज धरतो. बोल्ट काढून पॉलिशपेपरनं लोखंड चकाकेपर्यंत घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. बल्ब 21 वॅटचाच ठेवा. एलईडी करंट कमी ओढतो, टिकटिक परत पळायला लागंल.