‘आदर्श जीवांवरील उत्पादकता’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: ‘मॉडेल ऑर्गॅनिझम’वर, म्हणजे फळमाशी, यीस्ट यांसारख्या प्रयोगांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीवांवर, कोणत्या देशात किती संशोधन होते, याची तुलना मराठीत लिहायची आहे. ‘आदर्श जीवांवरील संशोधन उत्पादकता’ हे चालेल का?

‘आदर्श’ टाळावा. फळमाशी काही कशाचा आदर्श नाही. तिला पोसणे सोपे, २५ अंश सेल्सिअसला तिची पिढी साधारण १० दिवसांत पुरी होते आणि तिच्यात उलगडलेली जनुकीय यंत्रणा इतर प्राण्यांनाही बरीचशी लागू पडते, म्हणून तिची निवड होते. ‘नमुना जीव’ सोपा आहे, पण मग ‘नमुना जीवांचे नमुने’ लिहायची वेळ येते. ‘प्रतिमान जीव’ मला सर्वांत नेमका वाटतो. अर्थशास्त्रात ‘मॉडेल’साठी हाच शब्द वापरतात.

‘उत्पादकता’ मात्र चूकच. ते गुणोत्तर आहे: दर संशोधकामागे किती, दर खर्चामागे किती. नुसते निबंध मोजले असतील तर ‘शोधनिबंधांची संख्या’ असेच लिहावे.

‘वाटा’ आणि ‘भर’ यांतही गल्लत होते. समजा, जगातल्या एकूण शोधनिबंधांपैकी ४ टक्के एका देशाचे आहेत आणि झेब्रामाशावरच्या (झेब्राफिश) निबंधांपैकी ६ टक्के. झेब्रामाशातला त्याचा वाटा ६ टक्के. भर म्हणजे त्या विषयाकडे देशाचा कल: ६ भागिले ४, म्हणजे १.५. लहान देशाचा वाटा कमी असूनही भर मोठा असू शकतो. शिवाय दोन देशांचा संयुक्त निबंध पूर्ण मोजणीत दोघांच्याही नावावर १ असा पडतो, त्यामुळे वाट्यांची बेरीज १०० टक्क्यांच्या वर जाते. अंशमोजणीत प्रत्येकाला अर्धा मिळतो.

खरा घोळ शोधशब्दांत, म्हणजे निबंध हुडकताना सूचीत टाकायच्या शब्दांत असतो. ‘सी. एलेगन्स’ शोधले की सूत्रकृमीबरोबर कनिंगहॅमेला एलेगन्स ही बुरशीही येते. झेब्रामाशाचे जुने नाव ब्रॅकिडॅनियो रेरिओ सोडले तर जुने निबंध निसटतात. ‘यीस्ट टू-हायब्रिड’ ही प्रथिनांच्या जोड्या तपासायची पद्धत आहे. तिचा उल्लेख असलेला मानवी प्रथिनांवरचा निबंधही यीस्टच्या खात्यात जमा होतो. म्हणून ‘यीस्टवरील संशोधन’ऐवजी ‘शीर्षकात किंवा सारांशात यीस्टचा उल्लेख असलेले शोधनिबंध’ असे लिहावे. वाक्य लांबते, लांबू द्यावे.